कप्तान बदलले, मालक तोच!

पुण्याच्या एका क्रिकेट संघाने मार खाल्ला, त्याची चर्चा मनमाडकरांनी कशासाठी करावी, असे काही कार्यकर्ते मित्र आम्हांस विचारतील. प्रश्न रास्त आहे. नळाला पाणी येण्याची वाट पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवस पाहण्यात ज्या गावाचे कित्येक उन्हाळे गेले, त्या गावाला षटकारांचे कौतुक ते किती असणार? परंतु दरवर्षी आयपीएलचा हंगाम आला की व्यवस्थापनशास्त्राचे पंडित वर्तमानपत्रांतून 'नेतृत्वाचे धडे' देऊ लागतात. कोणता संघ कप्तानाच्या चुकीने बुडाला, कोणता प्रयोग फसला, याची ते चिकित्सा करतात. त्या चिकित्सेत एक व्यक्ती मात्र कधीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहत नाही. ती म्हणजे मालक. ही लबाडी आमच्या ओळखीची आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम हकीकत. मार्च २०१० मध्ये सहारा उद्योगसमूहाने पुण्याच्या संघाचा हक्क ३७ कोटी डॉलरला, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने सुमारे १,७०२ कोटी रुपयांना घेतला आणि 'पुणे वॉरियर्स' जन्मास आले. २०११ च्या पहिल्या हंगामात युवराजसिंग कप्तान होता. १४ सामन्यांत ४ विजय मिळाले व दहा संघांत नववा क्रमांक लागला. २०१२ च्या आरंभी युवराजला कर्करोगाच्या उपचारासाठी अमेरिकेस जावे लागले. तेव्हा मालकांनी एक आगळी व्यवस्था केली. सौरव गांगुली हा खेळाडू, तोच कप्तान आणि तोच संघाचा मार्गदर्शक! आदल्याच वर्षीच्या लिलावात ज्याच्यावर कोणी बोली लावली नव्हती, जो हंगामाच्या मध्यावर बदली खेळाडू म्हणून घेतला गेला, त्याच्याच खांद्यावर हा सारा डोलारा. आरंभ बरा झाला. वानखेडेवर मुंबईला हरवले, चेन्नईलाही हरवले, पहिल्या सातांपैकी चार सामने जिंकले. आणि मग ओळीने नऊ पराभव. १६ सामन्यांत १२ पराभव, क्रमांक शेवटचा.

झाले! एका माणसाकडे सारी सूत्रे देणे चुकले, असा निष्कर्ष निघाला. मग २०१३ साली उलट टोक गाठले गेले. अँजेलो मॅथ्यूज, रॉस टेलर, आरन फिंच असे तीन कप्तान एकाच हंगामात झाले. २३ एप्रिलला बंगळुरास ख्रिस गेलने या संघाची गोलंदाजी अशी काही झोडपली की एकट्याच्या नाबाद १७५ धावा झाल्या. हंगामाअखेर हिशेब काय? पुन्हा १६ सामने, ४ विजय, १२ पराभव. आदल्या वर्षी एकाकडे तीन कामे होती, यंदा तिघांकडे एक काम होते. बेरीज तीच आली. यावरून कप्तानपदाच्या मांडणीत रोग नव्हता, हे शाळकरी पोरालाही कळावे. पंडितांना ते कळत नाही, कारण ते कळून घेणे त्यांच्या सोयीचे नाही.

ही काही आपल्याकडचीच रीत नव्हे. १९६१ साली अमेरिकेतील शिकागो कब्ज या बेसबॉल संघाचे मालक, च्युइंगगमचे कारखानदार फिलिप रिग्ली यांनी मुख्य व्यवस्थापकाचे पदच रद्द केले व प्रशिक्षकांचे एक मंडळ नेमून त्यांच्यात पाळीपाळीने प्रमुखपद फिरते ठेवले. त्या वर्षी ६४ विजय, ९० पराभव. पुढच्या वर्षी ५९ विजय आणि १०३ पराभव. वरवर पाहता सामुदायिक नेतृत्वाचा केवढा उदात्त प्रयोग! परंतु १९६२ साली याच मंडळात बक ओनील हे घेतले गेले. प्रमुख लीगच्या इतिहासातील ते पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक. त्यांना प्रमुखपदाच्या पाळीत मात्र स्थान दिले गेले नाही. पद फिरते होते, ते ठरावीक कातडीच्या माणसांतच फिरत होते.

हे वाचताना मनमाडच्या वाचकाला १९३८ सालच्या फेब्रुवारीची आठवण झाली नाही तरच नवल. १२ व १३ तारखांना याच गावात जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. आंबेडकर होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे त्यांनी तेथे बजावले. आणि केवळ तत्त्व सांगून ते थांबले नाहीत. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो व गँगमन म्हणूनच राहतो. त्याला साधा पोर्टरही करीत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरातली कामे करावी लागतात, हे त्यांनी उघड केले. बढतीची शिडी सर्वांसाठी असल्याचे कागदावर लिहिलेले असते. तिच्या कोणत्या पायरीवर कोणाला अडवायचे, हे कागदावर लिहीत नाहीत. बक ओनीलची कथा ऐकायला आमच्या लोको-कॉलनीला दुभाष्या लागणार नाही.

रेल्वेतच आणखी एक गोष्ट आम्ही नेहमी पाहतो. अपघात झाला की आधी निलंबित कोण होतो? पॉइंट्समन, कीमन, फार तर स्टेशनमास्तर. गँगमधल्या जागा वर्षानुवर्षे कोणी रिकाम्या ठेवल्या, हा प्रश्न चौकशीच्या कागदांत खालच्या खालीच विरून जातो. कप्तान बदलणे हे त्याच जातीचे काम.

आता मालकाकडे वळू. गांगुलीचा संघ शेवटच्या क्रमांकावर गेला त्याच वर्षी, ३१ ऑगस्ट २०१२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने सहाराच्या दोन कंपन्यांना सुमारे तीन कोटी गुंतवणूकदारांचे २४ हजार कोटींहून अधिक रुपये १५ टक्के व्याजासह परत करण्याचा आदेश दिला. संघावर तोच पैसा उधळला, असे आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढेच म्हणतो की, मालकाच्या घराचे वासे फिरले असताना त्याच्या अंगणातील संघाच्या पराभवाचे कारण फलंदाजीच्या क्रमात शोधणे म्हणजे शुद्ध वेड पांघरणे होय. या मालकाचे नियामक मंडळाशीही पहिल्यापासून भांडण होते. ठरल्यापेक्षा सामने कमी मिळाले, तेव्हा हक्काची किंमत कमी करा, ही त्याची मागणी. मे २०१३ मध्ये मंडळाने बँक हमीचे पैसे वसूल केले, मालक रागावून बाहेर पडला, ऑक्टोबरात मंडळाने संघच रद्द केला. या भांडणात खेळाडूंना, पुण्याच्या प्रेक्षकांना कोणी विचारले? लिलावात उभ्या केलेल्या वस्तूला मत नसते.

"पैसा मालकाचा, मग मर्जीही मालकाची, तुम्ही कोण विचारणार?" हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. पैसा मालकाचा असेल. गावाचे नाव कोणाचे? मैदानावरचे पाणी कोणाचे? २०१६ च्या दुष्काळात मराठवाड्याला रेल्वेने पाणी न्यावे लागले, आणि एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर न्या असे सांगण्यास उच्च न्यायालय लागले. पोलीस कोणाचे? जून २०२३ मध्ये राज्य सरकारने क्रिकेट सामन्यांच्या बंदोबस्ताचे शुल्क मोठ्या प्रमाणावर घटविले आणि ती सवलत २०११ पासून मागे लागू केली. एवढे सारे सार्वजनिक असताना नफा-तोट्याचा निर्णय तेवढा खाजगी कसा?

दुसरी वाट नाही असेही नाही. खुद्द अमेरिकेत, भांडवलशाहीच्या त्या पंढरीत, ग्रीन बे नावाच्या लाखभर वस्तीच्या गावाचा फुटबॉल संघ १९२३ पासून सामान्य भागधारकांच्या मालकीचा आहे. भागावर लाभांश नाही, कोणा एकाला तो गिळंकृत करता येत नाही. २०११ च्या जनगणनेत मनमाडची लोकसंख्या ८० हजार होती. म्हणजे गाव काही फार लहान-मोठे नव्हे. सहकाराची एवढी जुनी परंपरा सांगणाऱ्या महाराष्ट्राला हे का सुचू नये? साखर कारखान्यांचे काय झाले ते आम्हांस दिसते. भागधारक कागदावर आणि घराणे खुर्चीवर, हा अनुभव कडू आहे. परंतु सभासदाला निदान वार्षिक सभेत उभे राहून अध्यक्षाला जाब विचारता येतो. सहाराश्रींना पुण्याचा प्रेक्षक कोठे गाठणार होता?

तेव्हा आमची मागणी साधी आहे. शहराचे नाव लावणाऱ्या प्रत्येक संघात त्या शहराच्या नागरिकांना भागधारक होण्याचा हक्क असावा, त्यांचे व खेळाडूंचे निवडलेले प्रतिनिधी संचालक मंडळावर असावेत, आणि मैदानाच्या पाण्याचा व बंदोबस्ताचा हिशेब हंगामापूर्वी जाहीर व्हावा. गहुंज्याच्या मैदानाला २०१२ साली सुब्रत रॉय यांचे नाव मोठ्या थाटाने दिले गेले होते. ठरलेले पैसे आले नाहीत तेव्हा क्रिकेट संघटनेने ते काढून टाकले. ठेवीदारांच्या परताव्यासाठी सरकारी संकेतस्थळ उघडण्यास मात्र जुलै २०२३ उजाडावा लागला, आणि तेथेही पहिल्या टप्प्यात माणशी मर्यादा होती दहा हजार रुपये.