एका अधिसूचनेचा प्रश्न

नागरिक-स्वातंत्र्याची ग्वाही निवडणुकीच्या सभेत कोणता उमेदवार देत नाही? 1977 साली ही ग्वाही देणारे जनता पक्षाचे कितीतरी उमेदवार नुकतेच तुरुंगातून सुटले होते. जॉर्ज फर्नांडिस तर कैदेत असतानाच मुझफ्फरपुरातून निवडून आले. विनाचौकशी स्थानबद्ध करणारा ‘मिसा’ रद्द करू, हे या मंडळींचे वचन, आणि 1978 साली त्यांनी ते पाळलेही. परंतु तत्पूर्वीच, 1977 च्या अखेरीस, याच सरकारने प्रतिबंधक स्थानबद्धतेची तरतूद थेट फौजदारी प्रक्रिया संहितेत घालणारे विधेयक आणले होते! काहूर उठले, तेव्हा ते मागे घेतले गेले.

त्याहून बोचणारी गोष्ट 44 व्या घटनादुरुस्तीची. सल्लागार मंडळाच्या अभिप्रायाविना माणसास तीन महिने डांबण्याची मुभा घटनेच्या 22 व्या कलमात आहे. ती दोन महिन्यांवर आणणारी, आणि हे मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीनेच नेमावे असे सांगणारी तरतूद संसदेने 1978 साली संमत केली. ती अमलात येण्यास सरकारची केवळ एक अधिसूचना हवी होती. ती आजतागायत निघालेली नाही. जनता सरकारने ती काढली नाही. 1980 साली राष्ट्रीय सुरक्षा कायदा आणणाऱ्या इंदिरा गांधींकडून तशी अपेक्षा करणेच व्यर्थ होते. आणि पुढे नाना पक्षांची सरकारे आली, त्यांपैकी एकासही ती काढावीशी वाटली नाही. विरोधात असताना स्थानबद्धतेविरुद्ध बोलणारे पक्षही यात आले.

मते मागावयास दारी येणाऱ्या उमेदवारास आमच्या वाचकांनी या एका अधिसूचनेविषयी अवश्य विचारावे, आणि त्याचे उत्तर टिपून ठेवावे.