नाव विसरला, गाणे विसरला नाही



गेल्या खेपेस आपण बियाण्याची उगवणशक्ती घरच्या घरी कशी तपासावी ते पाहिले. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून कित्येकांनी मोजणीही केली असेल. आज मात्र बी-बियाणे, खत, औषध बाजूला ठेवून मी गाण्याच्या एका कार्यक्रमाविषयी बोलणार आहे. शेतीखात्याच्या माणसाला हे गाणेबिणे कोठून सुचले, असे तुम्ही म्हणाल. पण शेवटपर्यंत वाचा. विषय तुमच्या-आमच्या ओसरीवरचाच आहे.

माझी मुलगी सुट्टीला घरी आली होती. एका रात्री जेवणे आटोपल्यावर तिने अमेरिकेतल्या एका मैफलीचे चित्रण लावले. गाणारा होता टोनी बेनेट. मला इंग्रजी गाण्यातले काही कळत नाही. तरी मी जागचा उठलो नाही.

हा गायक ज्या गाण्यांसाठी नावाजला, त्यांना तिकडे ‘स्टँडर्ड’ म्हणतात. कोल पोर्टर, आयर्व्हिंग बर्लिन, गर्श्विन बंधू अशांनी शंभर-ऐंशी वर्षांपूर्वी नाटक-सिनेमांसाठी रचलेली ही गाणी पिढ्यान् पिढ्या नवेनवे गायक गात आले. आपल्याकडे बालगंधर्वांची नाट्यपदे पुढच्यांनी गायली, तसेच समजा.

बेनेटचा जन्म ३ ऑगस्ट १९२६ चा, न्यूयॉर्कचा. वडील इटलीच्या दक्षिणेकडच्या खेड्यातून आलेले किराणा दुकानदार. पोर दहा वर्षांचे असताना ते वारले. आईने कपडे शिवून मुले वाढवली. हा मुलगा खाणावळीत ताटे पोचवता पोचवता गाऊ लागला. दुसऱ्या महायुद्धात तो जर्मनीत लढला आणि परत आल्यावर रीतसर गळा तयार केला. १९५१ पासून त्याचे नाव झाले. १९६२ च्या सॅन फ्रान्सिस्कोवरच्या गाण्याने ते घरोघरी गेले. मध्यंतरी त्याला वाईट दिवस आले, व्यसन लागले, कर थकला. तेव्हा थोरल्या मुलाने कारभार हाती घेतला आणि बापाला पुन्हा उभे केले.

२०१६ साली डॉक्टरांनी निदान केले की बेनेटला अल्झायमर झाला आहे. या आजारात मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी होतात. आधी ताज्या गोष्टी विसरतात, मग नावे, मग माणसे. तो समूळ बरा करणारे औषध अजून नाही. घरच्यांनी २०२१ च्या फेब्रुवारीत ही गोष्ट जगाला सांगितली. त्याच साली ३ ऑगस्टला, त्याच्या पंचाण्णवाव्या वाढदिवशी, आणि पुन्हा ५ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये तो गायला उभा राहिला. हे थिएटर सुमारे सहा हजार माणसांचे. जोडीला लेडी गागा ही त्याच्याहून साठ वर्षांनी लहान गायिका होती. त्याच कार्यक्रमाचे चित्रण २८ नोव्हेंबर २०२१ ला अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर दाखवले गेले. मी पाहिले ते हेच.

पंचाण्णव वर्षांचा म्हातारा, रोजच्या व्यवहारातले धड आठवत नाही. पण वाद्ये सुरू झाली आणि माणूस बदलला. हातात कागद नाही, समोर लिहिलेले शब्द नाहीत. एकामागून एक गाणी तो ओळ न चुकता गात गेला. कोठे थांबायचे, कोठे आवाज चढवायचा, केव्हा लोकांकडे पाहून हात पसरायचे, सारे जिथल्या तिथे. लोक उठून उभे राहत होते. गागा मंचावर आली तेव्हा त्याने तिला नावाने हाक मारली. कित्येक दिवसांत त्याच्या तोंडून आपले नाव आले नव्हते, असे तिने पुढे सांगितले. शेवटी तिनेच त्याला हात देऊन आत नेले.

मुलगी म्हणाली, “बाबा, तुमच्या डोळ्यांना पाणी का?” मला आमचे आबा आठवले होते.

माझे वडील शेवटची चार वर्षे असेच विसरत गेले. मला ते माझ्या चुलत्याच्या नावाने हाक मारायचे. त्यांचा हात पेरणीला असा, की पंचक्रोशीतून बोलावणे यायचे. चाड्यावर त्यांची मूठ असली की दाणा कोठे दाट नाही, कोठे विरळ नाही. विसर पडू लागला तसे आम्ही एकेक काम काढून घेतले. “आबा, तुम्ही बसा.” दावे सोडू नका, बसा. विळा धरू नका, बसा. यात प्रेम होते, धाकही होता. गावोगावच्या शेतकऱ्यांना सल्ला देत हिंडणाऱ्या माझ्यासारख्याला घरात एवढेच सुचले. एका मृगात शेजारच्या रानात तिफण चालली होती. आबा बांधावर उभे राहून बघत होते. मी जवळ गेलो तर त्यांची उजवी मूठ आपोआप सैल-घट्ट होत होती. हातात दाणा नव्हता, पण मूठ पेरीत होती. मी त्यांना दंडाला धरून घरी आणले आणि खाटेवर बसवले. २०१८ साली ते गेले. त्या दिवशी त्यांना चाड्याशी नेले असते तर शेजारी काही नाही म्हणाला नसता.

म्हणून ते चित्रण मी दुसऱ्यांदा पाहिले, ते गाण्यासाठी नव्हे. घरच्यांनी हे जमवले कसे ते पाहण्यासाठी. बेनेटवर उपचार करणाऱ्या डॉक्टर गायत्री देवी यांनीच सांगितले होते की गाणे थांबवू नका. जन्मभर घटवलेली विद्या मेंदूत इतकी खोल रुजलेली असते की पुष्कळदा ती मागाहून जाते. त्याप्रमाणे घरी पियानोवर नेमाने सराव चालू राहिला. पत्नी सुझन सावलीसारखी बरोबर असे. गागा म्हणाली होती की, तो गाऊ लागला की आपण त्याच्या आड येऊ नये, एवढेच मी पाहते. हे वाक्य मला फार मोलाचे वाटले.

आणि त्याच घराने थांबायचे केव्हा तेही ओळखले. कार्यक्रमानंतर थोड्याच दिवसांत मुलाने जाहीर केले की पुढचे दौरे रद्द. गळा शाबूत होता, पण प्रवास झेपत नव्हता. जे जमते ते ठेवले, जे धोक्याचे ते थांबवले. बेनेट २१ जुलै २०२३ रोजी वारला. अखेरपर्यंत तो घरी गात होता.

आता आपल्या घराकडे वळू.

घरातले वडीलधारे विसरू लागले तर “म्हातारचळ लागला” म्हणून हसू नका, सोडूनही देऊ नका. आधी डॉक्टरांना दाखवा. बी-१२ जीवनसत्त्वाच्या किंवा थायरॉइडच्या कमतरतेनेही विसर पडतो, आणि त्यावर उपचार आहेत.

जे धोक्याचे ते नक्की बंद करा. फवारणीची औषधे कुलपात ठेवा. पाण्याच्या बाटलीत तर ती कधीच काढून ठेवू नका. विहिरीला कठडा घाला. मोटारीच्या स्टार्टरची पेटी बंद ठेवा. एकट्याने रानात जाऊ देऊ नका, खिशात नाव-गाव लिहिलेली चिठ्ठी असू द्या.

पण सगळेच काढून घेऊ नका. शेंगा फोडणे, दोर वळणे, बी निवडणे, तुळशीला पाणी घालणे, हाताला जे सवयीचे असेल ते देत जा. काम चुकले तरी चालेल. आईला जात्यावरच्या ओव्या येत असतील तर पहिली ओळ तुम्ही म्हणा आणि गप्प बसा. वडील भजनात टाळ धरत असतील तर एकादशीला देवळात नेऊन टाळ हातात द्या. याने आजार बरा होतो असे मी म्हणत नाही. होत नाही. पण तेवढा वेळ ते माणूस पुन्हा आपल्या जागी येते.

आणि “मला ओळखलंत का?” असे सारखे विचारू नका. तुम्हीच आपले नाव सांगा. वाक्ये छोटी बोला, घाई करू नका.

पेरणी जवळ आली आहे. या वर्षी घरच्या म्हाताऱ्याला बांधापर्यंत न्या, आणि पहिली मूठ त्यांच्या हातून पडू द्या. ओळ थोडी वाकडी गेली तरी पीक उगवायचे राहत नाही.

पुढील खेपेस बीजप्रक्रियेविषयी बोलू.