पारखून पाय ठेवा



मनमाडहून येवल्याकडे जाताना अंकाई-टंकाईच्या जोडकिल्ल्यांजवळ आकाशात अंगठा उभारल्यासारखा एक सुळका दिसतो. कातरवाडीच्या बाजूचा हा सुळका म्हणजे हडबीची शेंडी. बाहेरगावचे लोक त्याला ‘थम्स अप’ही म्हणतात. हा मुलूख आपल्या लोकांना परका नाही. 13 ऑक्टोबर 1935 रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ते येवले जवळच आहे, आणि फेब्रुवारी 1938 मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली ती मनमाडलाच.

गेल्या ऑक्टोबरात येवल्याच्या मुक्तिभूमीवर अभिवादन करून आमच्या वस्तीतील सात तरुण-तरुणी दुसऱ्या दिवशी या सुळक्यावर चढायला गेले. बरोबर एक अनुभवी गिर्यारोहण शिक्षक होते. पायथ्याशी बसून पाणी, शिदोरी आणि वेळेची नोंद ठेवणे हे माझ्यासारख्या कारकुनाचे काम माझ्याकडे आले.

निघण्यापूर्वी एका मुलीच्या आईने विचारले होते, “भाऊ, शिकायचे सोडून दगडावर कशाला चढायचे?” प्रश्न रास्त आहे. 1934 साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळ-दौलताबाद पाहायला गेले, तेव्हा दौलताबादला तळ्याच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून त्यांना अडवण्यात आले. किल्ला पाहतानाही कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून बरोबर हत्यारबंद शिपाई देण्यात आला. ज्यांच्या वाडवडिलांना पाण्यापाशी असे अडवले गेले, त्यांच्या मुलामुलींनी डोंगर-किल्ले मोकळेपणाने पाहावेत असे मला वाटते. मात्र नीट शिकून पाहावेत.

शिकणे का लागते, ते या खडकाजवळ गेल्यावर कळते. आपल्याकडचा काळा खडक म्हणजे बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेल्या लाव्हाचे एकावर एक थर. थंड होताना त्याला भेगा पडल्या. काही थर कठीण, काही सच्छिद्र आणि मऊ. ऊन-पावसाने मऊ थर झिजतो, भेगांत माती भरते आणि वरचा दगड नुसता ठेवल्यासारखा राहतो. दुरून अभेद्य दिसणारा कडा हातात मात्र भुसभुशीत लागतो. नोव्हेंबर 2021 मध्ये याच सुळक्यावरून उतरताना दोन गिर्यारोहकांना प्राण गमवावे लागले. ही गोष्ट शिक्षकांनी सकाळीच सगळ्यांना सांगितली.

सकाळी आभाळ स्वच्छ होते. आठ वाजता पहिला तरुण दोर बांधून निघाला. बाजारात मडके वाजवून घेतो तसा तो प्रत्येक दगड मुठीने वाजवून पाहत होता. भरीव आवाज आला तर धरायचा, पोकळ आला तर सोडायचा. धरलेला दगड बाहेर ओढायचा नाही, खाली दाबायचा. दोन हात, दोन पाय यांपैकी तीन जागेवर पक्के असल्याशिवाय चौथा हलवायचा नाही. आधीच्या लोकांनी ठोकलेली मेख दिसली की हायसे वाटते. पण तीही तपासल्याशिवाय तिच्यावर भार टाकायचा नाही. खाली उभे राहणाऱ्यांनी चढणाऱ्याच्या सरळ रेषेत थांबायचे नाही. “दगड!” अशी हाक आली की वर न पाहता भिंतीला चिकटायचे. डोक्यावर हेल्मेट सर्वांच्या.

कालाम सुत्तात तथागतांनी सांगितले आहे की केवळ ऐकले म्हणून, परंपरेने आले म्हणून काही मानू नका, स्वतः पारखा. आपण विहारात ते ऐकतो. त्या दिवशी मुले ते हातांनी शिकत होती.

बारा वाजता उकाडा वाढला. ऑक्टोबरात परतीच्या पावसाचे असेच असते. सकाळी ऊन, दुपारी गडगडाट. एकच्या सुमारास अंकाईच्या मागे ढग चढले आणि गार वारा सुटला. वर दुसऱ्या दोरावर असलेली मुलगी ओरडली, “सर, वीज दिसली!” आम्ही खाली मोजू लागलो. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजावे. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर उघड्यावर थांबू नये. आमचे पंचवीस भरले.

पहिला तरुण माथ्यापासून वीसेक फुटांवर होता. त्याच्या पिशवीत पंचशील ध्वज होता. “सर, दहाच मिनिटे द्या!” तो म्हणाला. शिक्षकांनी एकच विचारले, “सकाळी काय ठरले होते?” ढग आले की उतरायचे, असे सर्वांनी मिळून ठरवले होते. तो क्षणभर गप्प राहिला आणि उतरू लागला. त्याच्या चेहऱ्यावरची निराशा मला खालूनही दिसत होती. उतरण्याची घाई मात्र कोणी केली नाही. दोराची प्रत्येक गाठ, प्रत्येक मेख पुन्हा तपासली गेली. अनेक अपघात उतरतानाच होतात.

सव्वादोनला पाऊस कोसळला, तेव्हा आम्ही सर्वजण सुळक्यापासून दूर उतारावर होतो. ज्या घळीतून मुले खाली आली, तिच्यातून पाण्याबरोबर नारळाएवढे दगड गडगडत आले. कोणी काही बोलले नाही. दोर धरणाऱ्या एकाने त्या तरुणाच्या पाठीवर नुसता हात ठेवला.

वस्तीत आल्यावर काहींनी थट्टा केली, “झेंडा परत आणला काय रे?” अशी थट्टा करणाऱ्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे. आपल्या चळवळीत आपण धाडसाचे कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण आधी ठरवलेला नियम माथा समोर दिसत असतानाही पाळणाऱ्या मुलाचे कौतुकही तितक्याच मोठ्याने करा. नाहीतर पुढच्या वेळी तो आपल्या थट्टेच्या भीतीने वर थांबेल.

आणि आई-वडिलांना सांगणे असे, की मुलामुलींना डोंगरावर जरूर जाऊ द्या. मुलींना तर आवर्जून. पण आधी पाच गोष्टी विचारा. शिकवणारा कोण? दोर आणि हेल्मेट आहेत का? खाली कोण थांबणार? हवामानाचा अंदाज पाहिला का? परत फिरण्याची वेळ ठरली आहे का? पाचही उत्तरे मिळाली, तर निर्धास्तपणे डबा भरून द्या. एकही अडले, तर त्या दिवशी घरी ठेवा. डोंगर पुढच्या रविवारीही तिथेच असेल.

भवतु सब्ब मंगलं.