कापडावरचा कर कोण ठरवतो?

कर वाढला की आमच्या बाजारात दोन गोष्टी ठरलेल्या. दिल्लीला शिव्या द्यायच्या आणि दुकाने बंद ठेवायची. बंदचा दिवस संपतो आणि दुसऱ्या दिवशी सूतवाला वसुलीसाठी दारात उभा असतो. मालेगावात ग्रे कापडाचा धंदा करताना मीही इतकी वर्षे हेच केले. आता वाटते, आपण दार चुकलो.

वडिलांच्या काळात कापडावर विक्रीकर नव्हता. 1957 साली राज्यांनी साखर, तंबाखू आणि कापड या तीन जिनसांवरचा विक्रीकर सोडला, त्याऐवजी केंद्राने जादा उत्पादन शुल्क घ्यावे आणि राज्यांना हिस्सा द्यावा, अशी तडजोड झाली होती. त्यामुळे कापडाच्या दुकानदाराला विक्रीकर कचेरीची पायरी ठाऊक नव्हती. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला आणि सूत, कापड, शिलाई अशा प्रत्येक ठिकाणी हिशेब आला. सुरतेचा कापड बाजार त्या महिन्यात कित्येक दिवस बंद होता. माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. संगणकावरचा इंग्रजी फॉर्म मुलगा भरतो, मी शेजारी बसून आकडे सांगतो.

हा कर एकटी दिल्ली ठरवीत नाही, हे आपल्यापैकी पुष्कळांना अजून माहीत नाही. दराची शिफारस जीएसटी परिषद करते. तिथे केंद्राचे अर्थमंत्री अध्यक्ष असतात आणि प्रत्येक राज्याचा एक मंत्री बसतो. मतांमध्ये केंद्राचा वाटा एक तृतीयांश, सर्व राज्यांचा मिळून दोन तृतीयांश. ठराव मंजूर व्हायला तीन चतुर्थांश मते लागतात. म्हणजे केंद्राशिवाय राज्यांचे चालत नाही, तसे केंद्रालाही राज्ये सोबत घेतल्याशिवाय चालत नाही. सर्व सभासद हजर असतील तर दहा-बारा राज्ये एकत्र येऊन ठराव अडवू शकतात. महाराष्ट्राचे मत सिक्कीमच्या मताइतकेच, हे आपल्याला पटो वा न पटो. शिवाय परिषदेच्या शिफारशी राज्यांवर बंधनकारक नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये दिला.

या यंत्रणेचा अनुभव आपण घेतला आहे. कृत्रिम सुतावर 12 टक्के आणि त्याच सुताच्या कापडावर 5 टक्के अशी उलटी रचना होती. यंत्रमागवाला जास्त कर भरून सूत घ्यायचा, कमी कराने कापड विकायचा आणि मधला पैसा सरकारकडे अडकायचा. पहिले वर्षभर तर कापडावर हा परतावा मिळतच नव्हता, ऑगस्ट 2018 पासून मिळू लागला. तक्रार खरी होती. पण सप्टेंबर 2021 मध्ये लखनौच्या बैठकीत रचना सुधारायचे ठरले आणि नोव्हेंबरात अधिसूचना निघाली, तेव्हा सुताचा दर खाली आणण्याऐवजी कापडाचा वर नेला. कापड आणि हजार रुपयांपर्यंतचे तयार कपडे 1 जानेवारी 2022 पासून 12 टक्क्यांत जाणार होते. हजाराच्या मालावर 50 ऐवजी 120 रुपये. आमच्या धंद्यात माल उधारीवर जातो, पैसे दोन-तीन महिन्यांनी येतात, पण कर पुढच्या महिन्यात भरावाच लागतो. लहान माणूस तिथेच बुडतो.

मग गुजरात, पश्चिम बंगाल, दिल्ली, राजस्थान, तामिळनाडू यांनी विरोध केला. यात सत्ताधारी पक्षाचे राज्य होते आणि विरोधकांचीही होती. 31 डिसेंबर 2021 रोजी तातडीची बैठक झाली आणि वाढ स्थगित झाली, अंमल सुरू व्हायला काही तास उरले असताना. सुरतेच्या व्यापाऱ्यांनी आपल्या राज्याला बोलते केले होते. आम्ही मात्र चहाच्या टपरीवर अर्थशास्त्र चघळत होतो.

वर्तमानपत्रांबद्दलही बोलले पाहिजे. सप्टेंबरच्या निर्णयाची बातमी बहुतेक ठिकाणी काय महाग, काय स्वस्त या चौकटीत संपली. वाहिन्यांवर तर शेअर बाजाराचा आकडा दिवसभर खालून सरकतो, पण यंत्रमाग किती पाळ्या चालले, हे कुणी विचारत नाही. त्यांना एकट्याला दोष देऊन भागणार नाही. आपल्या संघटनांचे निवेदन पत्रकारांच्या हाती पडते, तेही निर्णय झाल्यावर.

3 सप्टेंबर 2025 च्या बैठकीत परिषदेने कृत्रिम तंतू 18 वरून आणि सूत 12 वरून 5 टक्क्यांवर आणले. 22 सप्टेंबरपासून ते लागू झाले. व्यापारी 2021 साली हेच सांगत होते: वरचा दर खाली आणा. मधली चार वर्षे पैसा अडकला, त्याचे व्याज कोण देणार?

पण त्याच बैठकीतली दुसरी गोष्ट आनंदाच्या जाहिरातींत दबली. 2500 रुपयांपर्यंतचे तयार कपडे 5 टक्क्यांत आले, त्यावरचे मात्र 12 वरून 18 टक्क्यांत गेले. चार हजारांच्या जरीकाम केलेल्या पोशाखावर पूर्वी 480 रुपये कर होता, आता 720. श्रीमंतांचा कपडा म्हणून हे खपून जाते. लग्नाचा शरारा किंवा शेरवानी घेणारे घर श्रीमंतच असते असे नाही, आणि त्यावर महिनाभर सुई चालवणारा कारागीर तर मुळीच नसतो. गिऱ्हाईक मागे हटले की दुकानदार मजुरी कापतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

तेव्हा पुढच्या बैठकीची तारीख जाहीर होण्याआधी मालेगाव, भिवंडी आणि इचलकरंजीच्या संघटनांनी एकत्र बसावे आणि मुंबईत राज्याच्या अर्थमंत्र्यांकडे जावे. सोबत घोषणा नकोत, हिशेब न्यावा: पाच कारागिरांची मजुरी, पाच पोशाखांची बिले, 22 सप्टेंबर 2025 च्या आधीची आणि नंतरची. आपल्या आमदारालाही बरोबर घ्यावे, मग तो कोणत्याही पक्षाचा असो. माझ्या दुकानातली बिले मी काढून ठेवली आहेत.