दार बंद, फी आगाऊ

शहरातल्या कुठल्याही थेरपी सेंटरबाहेरचा बाक संध्याकाळी पाचच्या सुमारास पाहावा. पाच-सहा आया बसलेल्या असतात. कुणाच्या मांडीवर खाऊचा डबा, कुणाच्या मांडीवर धाकटं मूल. आत, बंद दाराआड, त्यांची स्वमग्न मुलं 'सोशल स्किल्स' शिकत असतात. पाऊण तासानं दार उघडतं, "आज छान बसला हं" एवढं कानावर पडतं, वहीत दोन ओळी लिहून मिळतात आणि पुढचं मूल आत जातं. महिन्याची फी आगाऊ भरलेली असते. पालकांचा सहभाग म्हणायचा तो एवढाच.

मूल त्या खोलीत पाहुण्यांना नमस्कार करायला शिकतं आणि घरी आत्या आली की पलंगाखाली जाऊन बसतं. मग "एवढे पैसे घालवून काय शिकला?" हा प्रश्न आईलाच ऐकावा लागतो. एका जागी शिकलेली गोष्ट दुसऱ्या जागी वापरणं अनेक स्वमग्न मुलांना अवघड जातं, हे या क्षेत्रात कुणालाच नवं नाही. तरीही दार बंद ते बंदच.

गोव्यात निराळं करून पाहिलं गेलं. तिथल्या 'संगाथ' या संस्थेनं ब्रिटनमध्ये तयार झालेली एक पद्धत आपल्याकडच्या घरांना जुळेल अशी बेतून घेतली. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथल्या ६५ मुलांवर तिची चाचणी झाली. मुलं दोन ते नऊ वर्षांची. शिकवणारे तज्ज्ञ डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते होते. आणि शिकवायचं होतं ते पालकांना.

पद्धत साधी आहे. आई किंवा बाबा मुलाशी खेळतात, त्याचं चित्रीकरण होतं आणि मग कार्यकर्त्याबरोबर बसून ते पाहायचं. मूल गाडी उलटी करून चाक फिरवत बसलंय. आई विचारते, "रंग कुठला? सांग ना. रेड म्हण, रेड. आणि चाकं किती?" उत्तराला जागाच नाही. हे आपलं आपणच पडद्यावर पाहिलं की फारसं समजावून सांगावं लागत नाही. पुढच्या खेपेला तीच आई शेजारी बसते, चाकाकडे बघते, "फिरलं, फिरलं" म्हणते आणि थांबते. हे थांबणंच शिकायला सगळ्यात जड! पण त्या थांबण्यात कधीतरी मूल गाडी तिच्यापुढे सरकवतं.

२०१६ साली 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या नियतकालिकात या चाचणीचे निष्कर्ष आले. पालकांचा प्रतिसाद मुलाच्या कलानं जाऊ लागला होता आणि मुलं आपणहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं होतं. सगळंच गोड नव्हतं: दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ उलट घटला. जादू कुणी विकत नव्हतं, हे त्यातून दिसतं.

मोठ्या मुलांसाठी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातला 'पीअर्स' हा कार्यक्रम प्रसिद्ध आहे. तिथे किशोरांचा वर्ग चालू असताना त्यांच्या पालकांचाही वेगळा वर्ग भरतो. मित्राला घरी बोलावलं तर आपण किती लुडबूड करायची, हेसुद्धा त्यांना शिकवलं जातं. आपल्याकडे सोसायटीच्या गणपतीत मूल कानावर हात ठेवून उभं राहिलं तर त्याला पुढे ढकलायचं की बाजूला न्यायचं, हे पालकांना शिकवणारं कोण आहे?

"आई आत असली की मूल काम करत नाही," हे सेंटरवाल्यांचं ठरलेलं उत्तर. काही मुलांबाबत ते खरंही असेल. पण मोबाइलवर चित्रीकरण करून दाखवायला कुणी अडवलंय? दुसऱ्या टोकाला काही ठिकाणी आईच्या हातात गृहपाठाचे तक्ते कोंबतात आणि ती घरात बिनपगारी थेरपिस्ट होऊन बसते. बाबांना सकाळी अकराची वेळ दिली, की ते येत नाहीत म्हणून कुरकुर करायला आपण मोकळे.

शिकायचं कुणी, हाही प्रश्न आहेच. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलं, की गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो. स्वमग्न माणसाला इतर कळत नाहीत तसेच इतरांना तोही कळत नाही. "डोळ्यांत बघून बोल" असं दरडावणारं सेंटर या दुरुस्तीपासून फार लांब आहे. आणि मुलाला ओळखणारे पालकच बाहेर बसवले, तर त्याची बाजू आत मांडणार कोण?

तेव्हा पालकहो, पुढच्या महिन्याची फी भरण्याआधी दोन गोष्टी विचारा: आम्हाला आत बसता येईल का, आणि नसेल तर चित्रीकरण पाहायला मिळेल का? दोन्हींना नकार आला, तर दुसरं सेंटर शोधा.