वीस मिनिटांचं ते काय एवढं!

नवीन वर्षाच्या पहिल्या आठवड्यात आमच्या फ्रिजच्या दारावर एक कागद लागतो. पहाटे पाचला उठणे, प्राणायाम, अर्धा तास वाचन, रात्री साडेदहाला दिवा बंद. अक्षर माझंच. संक्रांतीचा तिळगूळ संपेपर्यंत त्याच कागदाच्या कोपऱ्यात दुधाचा हिशेब आणि गॅसच्या नंबराची तारीख येऊन बसते. तुमच्याकडेही असा एखादा कागद असेलच की, मैत्रिणींनो!

तीन वर्षं त्या कागदावरची एक ओळ मात्र बदलली नव्हती. 'मोडी शिकणे.'

ही हौस नव्हती. माझे आजोबा १९५० च्या दशकात अचानक गेले. वाईजवळच्या एका गावात त्यांचं छोटंसं किराणा दुकान होतं. ते आजीनं पुढे चालवलं, आणि त्यासाठी दुकानातल्या जुन्या दिवाणजींकडून ती मोडी लिहायला शिकली. तिच्या हातच्या दोन वह्या आईच्या कपाटात पैठणीच्या खाली ठेवलेल्या आहेत. आईच्या वेळेला शाळेत बाळबोध आलं होतं, त्यामुळे तिला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. "आईनं काय लिहिलंय ते एकदा कळायला हवं होतं गं," असं ती अधूनमधून म्हणायची. मी "हो, बघू या" म्हणून विषय बदलायचे. आई आता ८१ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी तिनं हेच वाक्य तासाभरात तीनदा म्हटलं, आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदाच म्हणत असल्यासारखं. माझ्या पोटात खड्डा पडला.

तरीही पुढचे चार महिने काही झालं नाही. हे मुद्दाम सांगतेय. कारण 'मनापासून वाटलं की माणूस वेळ काढतोच' असं आपल्याला फार ऐकवलं जातं. आपल्या हातून एखादी गोष्ट झाली नाही, की आपणही स्वतःला तेच ऐकवतो. मला मनापासून वाटत होतं. मोडीच्या वर्गालासुद्धा जाऊन आले. आपल्या राज्याचं पुराभिलेख खातं असे वर्ग घेतं, इतरही बऱ्याच ठिकाणी ते होतात. मुळाक्षरं आली, बाराखडी आली. पण अक्षरं येणं वेगळं आणि अक्षर 'लागणं' वेगळं. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग हात शक्यतो न उचलता तिच्याखाली लिहीत जायचं. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही. शिवाय लिहिणाऱ्या प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. डोळ्याला सवय व्हायची तर रोज थोडंथोडं वाचायला हवं. आणि 'रोज' म्हटलं की आपलं घोडं पेंड खातं.

मग मी वेळेच्या नियोजनाची पुस्तकं वाचली. काही चांगली होती. पण त्यातले बरेचसे लेखक पहाटे उठून शांतपणे स्वतःच्या ध्येयाचा विचार करतात, तेव्हा त्यांचा चहा कोण करतं हे काही त्यांनी लिहिलेलं नाही. आपल्याकडे केंद्र सरकारनं २०१९ आणि २०२४ मध्ये लोकांचा दिवस कसा जातो याची देशभर पाहणी केली. २०१९ मध्ये घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, २०२४ मध्ये २८९. घरकामात हात लावणाऱ्या पुरुषांची आधी ९७ होती, नंतर ८८. म्हणजे आपली दहा मिनिटं कमी झाली, तर त्यांनीही लगेच नऊ कमी करून घेतली! मुलांचं, म्हाताऱ्या माणसांचं करण्यात जाणारा वेळ यात धरलेलाच नाही. पावणेपाच तासांहून जास्त वेळ असा जात असेल, तर उरलेल्या दिवसात 'इच्छाशक्ती' शोधण्यापेक्षा एक रिकामा कोपरा शोधणं जास्त शहाणपणाचं, असं मला वाटायला लागलं.

तो कोपरा सापडला एका साध्या युक्तीत. पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९९० च्या दशकात ती मांडली. नुसतं 'मी अमुक करीन' असं ठरवू नका, 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं ठरवा. कधी आणि कुठे हे आधीच ठरलेलं असलं की त्या घडीला मनाशी वाद घालावा लागत नाही. आपल्याला हे नवं नाही म्हणा. दिवेलागण झाली की तुळशीपाशी दिवा, त्यासाठी कुणाला प्रेरणा लागत होती?

मी ठरवलं, सकाळचे डबे भरले की ओटा न आवरता वही उघडायची. यातलं 'ओटा न आवरता' महत्त्वाचं. कारण आधी मी ओटा पुसायचे, मग शेगडी, मग बेसिन, मग वाटायचं की मिक्सरचं भांडंही घासून टाकावं, आणि तोवर निघायची वेळ झालेली असायची. पिठाचे हात जेमतेम धुऊन, कणकेची परात तशीच ठेवून टेबलाशी बसायला मला किती जड गेलं म्हणून सांगू! पहिले आठ दिवस माझी पाठ ओट्याकडे होती, पण लक्ष सगळं तिकडेच. सासूबाई एकदा डोकावून गेल्या, काही बोलल्या नाहीत. ते न बोलणं फार ऐकू आलं.

वीस मिनिटांचा गजर लावायचे. पुढे कळलं की फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन माणसानं कॉलेजात असताना, १९८० च्या दशकाच्या शेवटी, स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून अभ्यास करायला सुरुवात केली. त्याची पंचवीस मिनिटांची पद्धत आज जगभर चालते. त्यानं स्वयंपाकघरातलं घड्याळ उचलून अभ्यासाच्या टेबलावर नेलं. आपण मात्र जन्मभर कुकरच्या शिट्ट्याच मोजतोय.

स्वयंपाकघरावरून बंगालच्या राससुंदरी देवींची आठवण येते. एकोणिसाव्या शतकातल्या या बाईंनी पोथीचं एक पान काढून स्वयंपाकघरात लपवलं आणि मुलाच्या अक्षरं गिरवलेल्या पानाशी ताडून बघत, चोरून, त्या वाचायला शिकल्या. पुढे त्यांनी 'आमार जीबन' हे आत्मचरित्र लिहिलं. त्यांना बारा मुलं झाली. ही गोष्ट आपल्याला अनेकदा 'बघा, त्यांना जमलं, मग तुम्हाला का नाही?' अशा सुरात सांगितली जाते. मला तो सूर आवडत नाही. त्यांना लपवावं लागलं, कारण बाईनं वाचणं हेच तेव्हा पाप होतं. आपल्यावर तसली सक्ती नाही, तरी आपण आपलं काम चोरूनच करतो. सगळे झोपल्यावर, कुणाच्या डोळ्यांवर न येता, कुणाची गैरसोय न करता. आणि थकून तिसऱ्या दिवशी सोडून देतो.

म्हणून मी एका रविवारी जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं. साडेसात ते सात पन्नास मला हाक मारायची नाही. "वीस मिनिटांचं ते काय एवढं!" असं नवरा म्हणाला. चांगल्या मनानं म्हणाला, म्हणजे 'घे की' अशा अर्थानं. पण पहिल्याच सोमवारी त्या वीस मिनिटांत तीन हाका आल्या. एक मोज्यांसाठी, एक चार्जरसाठी, आणि एक "तुझं झालं का?" हे विचारण्यासाठी. भांडण झालं. मी रडलेसुद्धा, ते मोज्यांवरून नव्हे हे सगळ्यांना उमगलं असावं. आता हाका येत नाहीत. ओटा कधीकधी नवरा पुसतो. पुसलेलं फडकं ओलंच कट्ट्यावर गोळा करून ठेवतो. मी काही म्हणत नाही, ते फडकं माझ्या वीस मिनिटांची किंमत आहे.

दिवाळीत आणि नंतर आईच्या आजारपणात मिळून अकरा दिवस खाडा पडला. पूर्वीची मी असते तर संपलंच होतं सगळं. 'एकवीस दिवसांत सवय लागते' हे आपण सर्रास ऐकतो. मॅक्सवेल माल्ट्झ या प्लॅस्टिक सर्जननं १९६० मध्ये एका पुस्तकात लिहिलं होतं की रुग्णाला बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एकवीस दिवस लागतात. त्यातलं 'किमान' पुढे गळून पडलं. लंडनमधल्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर प्रत्यक्ष अभ्यास केला, तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतील असं दिसलं. कुणाला १८ पुरतील, कुणाला २५४ लागतील. आणि मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही, असंही. माझे तर अकरा चुकले होते. बाराव्या दिवशी वही उघडली तर 'ळ' ओळखेना. तासभर चिडचिड झाली. पण परात तशीच ठेवून टेबलाशी बसायला मात्र त्या दिवशी काही वाटलं नाही.

गेल्या महिन्यात पहिली वही घेऊन आईकडे गेले. अर्धं पान लागलं होतं. गूळ, तेल, बत्ताशे, कुणाची तरी उधारी, आणि रुपयांपुढे आण्यांच्या त्या बारीक रेघा. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले, त्याआधीची ही वही. वाचता वाचता एका ओळीशी आले, 'शाळेची फी' आणि पुढे आईचं माहेरचं नाव.

आई सावरून बसली. तिच्या शिक्षणाचा खर्च चुलत्यांनी केला, असं तिला लहानपणापासून सांगितलं गेलं होतं. त्या उपकाराची आठवण तिनं आम्हालाही कैकदा करून दिली होती.

"परत वाच," ती म्हणाली. मी परत वाचलं. तिनं वही स्वतःकडे ओढून त्या ओळीवर बोट ठेवलं, जरा वेळ तसंच.

"आणि पुढे? पुढच्या ओळीत काय आहे?"

पुढची ओळ मला अजून लागलेली नाही. शाई पसरली आहे, आणि आजीचं तिथलं अक्षर घाईचं आहे.

"उद्या सकाळी बघते," मी म्हटलं, "डबे झाले की."