एहिपस्सिको आणि उंबराशेजारचे मचाण

वैशाख पौर्णिमेच्या रात्री आपण विहारांत बुद्धवंदना घेत असतो, तेव्हा ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यात आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या येऊर परिसरात काही माणसे मचाणांवर निःशब्द बसलेली असतात. भर उन्हाळ्यात पाणवठे मोजकेच उरतात आणि चांदणे भरपूर असते. तहानलेला प्राणी रात्रीतून एकदा तरी पाण्यावर येईल, या हिशेबाने वन विभाग ही गणना करीत आला. आता शास्त्रीय मोजणीसाठी कॅमेरे आले आहेत आणि मचाणावरची रात्र मुख्यतः ‘निसर्गानुभव’ म्हणून उरली आहे. तिला आम्ही कमी लेखत नाही. येऊर ज्या अरण्यात आहे त्याच अरण्यात कान्हेरीची लेणी आहेत, आणि तेथील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचे उल्लेख आहेत. ते अरण्य आपल्याला परके नाही. प्रश्न इतकाच, की बुद्धाच्या जन्मदिनी येणारी ही रात्र आपल्या किती मुलांच्या वाट्याला येते?

फार थोड्यांच्या. म्हणूनच मचाण शाळेच्या आवारात, मुलांच्या हातून बांधले जावे, असे आमचे मत आहे; आणि आवारातील उंबराशेजारी आम्ही ते बांधलेही. झाडात एकही खिळा ठोकलेला नाही. सगळा भार जमिनीत रोवलेल्या बांबूंवर आहे, झाडाची केवळ सावली घेतली आहे. उंची आठ फूट, छातीपर्यंत कठडा, एका वेळी चौघेच वर आणि खाली एक शिक्षक. गाठी शिकवायला आले ते एक पालक, डोंबिवलीत इमारतींना परांची बांधणारे. काथ्याचा वेढा कोठे घट्ट घ्यायचा, कोठे ढील ठेवायची, आडवा बांबू कोणत्या पेराजवळ बांधला म्हणजे सरकत नाही, हे त्यांनी सातवीच्या वर्गाला दोन दिवस शिकवले. आमच्या एम.ए.च्या पदवीचा तेथे काडीचा उपयोग नव्हता. ज्या विद्येवर या शहरांचे मजले चढले ती विद्या कोणत्याच पाठ्यपुस्तकात का नाही, हा प्रश्न मुलांनी विचारला नाही. आम्हाला मात्र तो पडला.

आक्षेप आला तो दुसऱ्या एका पालकांकडून. पालकसभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, “सर, आमच्या आज्याने दुसऱ्याच्या शेतात माळ्यावर बसून, गोफण हातात घेऊन रात्री काढल्या. पोरांनी खाली उतरावं म्हणून त्यांना शाळेत घातलं. तुम्ही त्यांना परत वर चढवता?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याचा अधिकार कोणालाही नाही. ज्यांना गावच्या पारावर टेकू दिले गेले नाही, त्यांना झाडाचे कौतुक सांगताना जपून बोलावे लागते. तरीही आम्ही मत बदललेले नाही. विनयपिटकाच्या महावग्गात वर्षावासाच्या नियमांमध्ये एक प्रसंग आहे. काही भिक्षू झाडाच्या बेचक्यात वर्षावासाला बसले. लोक म्हणू लागले, हे तर शिकाऱ्यांसारखे वागतात! भगवंतांनी तशा वर्षावासाला मनाई केली. म्हणजे झाडावरची बैठक त्या काळीही शिकाऱ्याची म्हणून ओळखली जाई. पुढे राजेरजवाड्यांनी आणि साहेबांनी तीच चालवली. माळ्यावर बसणारा आपला आजा शिकारी नव्हता, परंतु दुसऱ्याच्या धान्याचा राखणदार होता. आपल्या मुलांनी मचाणावर बसून कोणाला मारायचे नाही आणि कोणाचे राखायचेही नाही. त्यांनी केवळ पाहायचे आहे. असे पाहण्याची फुरसत आपल्या मागच्या पिढ्यांना कोणी दिली होती?

पाहून काय मिळते, ते उंबराने दाखवून दिले. ‘उंबराचे फूल’ म्हणजे कधीच न दिसणारी वस्तू, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. मुलांनी कच्चे उंबर चिरून भिंगाखाली धरले, तर आत फुलेच फुले. पिकत आलेले फोडले, तर बारीक किडे भुर्रकन उडाले. मादी बारीक छिद्रातून आत शिरते, फुलांवर पराग पोहोचवते, अंडी घालते आणि बहुधा तेथेच मरते. तिची पिल्ले पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे जातात. ज्या किड्यांमुळे घरी उंबर टाकून देतात, त्यांच्यावाचून उंबराला बीज धरत नाही. तांबट, हरियाल, खारी, रात्री वटवाघळे, सगळ्यांची नोंद वहीत होऊ लागली. कुंपणाजवळच्या पिंपळावर मुंजा आहे, असे सांगणारी दोन मुले होती. एका संध्याकाळी मचाणावरून त्यांनी त्या पिंपळाच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी पाहिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती इतरांना दाखवली, अगदी मालकी हक्काने.

वंदनेत रोज आपण धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हणतो, ये आणि पाहा असा धम्म. हा शब्द पाठ असलेली मुले आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांना प्रत्यक्ष पाहायला बसवायचे तर रोज अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास शिकवणीच्या वर्गातून काढावा लागला तरी काढावा, या मतावर आम्ही ठाम आहोत. दहावीच्या गुणांची काळजी आम्हालाही आहे. परंतु डोळ्यांवर विश्वास ठेवायला शिकलेले मूल विज्ञानाच्या पेपरात मागे पडत नाही, असा आमचा अनुभव आहे.

पावसाळ्यात बांबू कुजतात आणि काथ्या सैल पडतो, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीनंतर मचाण दरवर्षी नव्याने बांधावे लागेल. कल्याण, डोंबिवली, ठाणे परिसरात राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी त्यासाठी एक रविवार राखून ठेवावा. बांबू शाळा आणील. गाठी मात्र आता सातवीची मुलेच तुम्हाला शिकवतील.